चार माफ्यांचा अर्ज

सूनबाई,

टेबलावरचा तुझा रजेचा अर्ज मी अक्षर अक्षर लावून वाचला आणि फाडला. एका पानात चार वेळा माफी! चोरी केलीस का? आणि शेवटी “रजा नसेल तर नोकरी सोडते.” आधी पाया पडायचं, मग दगड मारायचा, कोण ऐकेल? नवा कागद ठेवलाय. सरळ लिही, “मॅडम, गुरुवारी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोबत मला जायचंय. माझं शिवणकाम बुधवारीच उरकते. रजा द्यावी.” बस्स.

एकटी जाईन म्हणाले होते, ते नुसतं तोंडाने. मला भीती वाटते गं. तुला आजवर मी नुसतं सांगत आले, मागितलं काहीच नाही. आता मागते. त्या दिवशी माझा हात धरून बसशील?

तुझी सासू