दीक्षाच्या खांद्याची बातमी

२ फेब्रुवारी, रविवार
उद्यापासून नागपुरात इंटरनॅशनल टेनिस. सगळ्यात खालच्या पायरीची स्पर्धा, पण इंटरनॅशनल ते इंटरनॅशनल. भाची दीक्षा खेळणार. कोच मी. कोराडीच्या पॉवर हाउसमधून आठवड्याची रजा काढलीय. गळ्यात फोटोचं कार्ड मिळालं. फोटोत मी परदेशी वाटतो.
संकल्प: आधी दीक्षाला टॉप हंड्रेडमध्ये न्यायचं. मग इतर मुलींचा विचार.

३ फेब्रुवारी, सकाळ
सट्टेबाजीवर लेक्चर. खेळाडू असो की कोच, बेट लावायची नाही, दुसऱ्याकडून लावून घ्यायची नाही, आतली माहिती बाहेर द्यायची नाही. बोलणारा टायवाला पोरगा. अरे, आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे दीक्षाची आई आणि दोन कुत्री. यावर जगात कोण रिकामटेकडा सट्टा लावेल? अर्ध्यातून उठलो. बाहेर तर्री-पोहे गरम होते.

संध्याकाळ
अखेर एक जाणकार भेटला. गौरांग, रायपूरचा. प्रॅक्टिस बघत होता. दोन फोन, टोपीखाली इअरफोन. म्हणाला, सर, तुमची नजरच वेगळी. आमच्या घरात कुणाला हे कळत नाही.

४ फेब्रुवारी
गौरांगनं झणझणीत सावजी रस्सा खायला नेलं. दीक्षाची फार आस्थेनं चौकशी केली. मी सांगितलं, उजवा खांदा धरलाय, उद्या डबल्समध्ये सर्व्हिसला जोर नसणार. याला काही आतली माहिती म्हणत नाहीत. खांदा बाहेरच असतो.

५ फेब्रुवारी
दीक्षाची जोडी डबल्स हरली. माझं निदान अचूक! गौरांग दर पॉइंटला फोनवर बोटं चालवत होता. नोट्स घेत असावा. दीक्षा म्हणाली, "मामा, तो माणूस मले बरोबर नाही वाटून राहिला. त्याले काही सांगत नका जाऊ." संशयी पोरगी. आईवर गेली.

६ फेब्रुवारी
स्पर्धेच्या सुपरवायझर बाईंनी बोलावलं. वाटलं, माझं कौतुक. तर डबल्स सुरू व्हायच्या आधीच दीक्षाच्या हरण्यावर कुठल्याशा देशात भरमसाट सट्टा लागला म्हणे. गौरांगला हाकललं. बाईंनी विचारलं, खांद्याचं कुणाकुणाला माहीत होतं? म्हटलं, दीक्षा, तिची आई आणि मी. आणखी? म्हटलं, एक अभ्यासक. बाई लिहायच्या थांबल्या.
माझं कार्ड जमा. चौकशी होईपर्यंत कोर्टाकडे फिरकायचं नाही. दीक्षाचीही उलटतपासणी, फोन जप्त. बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर समजूत तरी घातली असती.
दीक्षाची आई, म्हणजे माझी बहीण जया, म्हणाली, "काहून गा दादा, पोरीनं पहाटे उठून उठून खांदा झिजवला, अन् तू तो रश्श्यासंगं वाढून आला?"
म्हटलं, सिस्टीम लहान माणसालाच धरते. जयानं तोंड फिरवलं.

७ फेब्रुवारी
दीक्षाला सिंगल्स खेळू दिलं. कोचशिवाय हरणार, हे इथं लिहून ठेवतो. तरी गेटबाहेर उभा राहिलो. तिला आधार म्हणून. भिंतीपलीकडून टाळ्या येत होत्या, कुणासाठी ते कळत नव्हतं.
जिंकली. प्रो स्पर्धेतला तिचा पहिला विजय. बाहेर आली तर मला बघून थबकली. विचारलं, खांदा कसा आहे?
म्हणाली, "ते आता तुम्हाले नाही सांगत मी, मामा."
आवाज चढवला नाही. जयाच्या स्कूटीवर मागं बसली, गेल्या दोघी.
कोराडीच्या बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, काय करता? म्हटलं, पॉवर हाउसमध्ये स्टोअरला आहे.