बारा नव्हे, दहा

दिनांक १८ जून
(आधी १६ लिहिले होते, खोडले आहे.)

चिरंजीव थोरल्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आम्ही आजोबा-नात कुशल आहोत. सूनबाईंचा खोकला थांबला, हे वाचून बरे वाटले.

‘बारकीने गावातलेच कॉलेज निवडले, हे शहाणपणाचे केले,’ असे तू लिहितोस. तुझ्या लेकीने काहीही निवडलेले नाही. “शहरातलं कॉलेज मला आवडलंच नाही, बाबा,” असे तिने तुला फोनवर सांगितले, तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. वाक्य निर्दोष होते. विधान खोटे होते. त्या कॉलेजच्या पायरीवर उकिडवी बसून तिने दगडावर बोट फिरवले आणि ती ओरडली, “आबा, यात शिंपला आहे! ही पायरी कधीतरी समुद्राच्या तळाशी होती!” तिथे भूगर्भशास्त्र शिकवतात. इथे गिरणीमागच्या कॉलेजात फक्त वाणिज्य शिकवतात, तेही शिक्षक हजर असल्यास.

मग शहरातल्या त्या कॉलेजच्या खिडकीतला कारकून म्हणाला, “प्रवेश दहालाच बंद झाले. आज बारा.”

“तुमची काहीतरी चूक होते आहे,” मी म्हणालो.

“आजोबा, चूक कोणाची ते घरी जाऊन बघा.”

मी त्याच्याशी पुष्कळ भांडलो. शेवटी बारकीने मला हाताला धरून बाहेर आणले.

आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. कॅलेंडर माझ्या खुर्चीमागे असते, त्यावर फक्त माझी पेन्सिल चालते आणि मी लिहिलेली तारीख कोणी पडताळत नाही. छापखान्यात मुद्रितशोधक होतो, तेव्हाही माझ्यानंतर कोणी पडताळत नसे. बारकीनेही पडताळली नाही. दहाच्या जागी बारा मी लिहिले होते.

तुझ्या बहिणीने फोनवर थेट विचारले, “नात जाऊ नये म्हणून मुद्दाम केलंत ना, आबा?” मी नाही म्हटले नाही. लबाड ठरणे मला सोपे वाटले.

मुद्दाम केलेले नाही.

इथली इतर हकीकत अशी. गॅसचा लायटर हरवला आहे, असे बारकी म्हणते. तो रोज तिच्याबरोबर कॉलेजात जातो. दप्तराच्या कप्प्यात मी पाहिला. त्यामुळे दुपारचा चहा शेजारच्या शिंप्याकडे होतो. परवा तो म्हणाला, “आबा, एकाच पँटचं माप तिसऱ्यांदा देताय. पोट रोज बदलतं की काय?” मी हसलो. तोही हसला, मग माझ्याकडे पाहून उगाच टेप गुंडाळत बसला.

शहरातल्या कॉलेजात उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी आहे. बारकीचे गुण पुरेसे आहेत, पण ती जाणार नाही म्हणते. कारण विचारले की उत्तर एकच: “मला इथेच बरं वाटतं, आबा.” खिडकीत मांडलेले दगड तिने खोक्यात भरून पलंगाखाली सरकवले आहेत. हे तुला फोनवर सांगता येत नाही. फोन आला की ती शेजारी उभी राहते आणि मी अडखळलो की माझे वाक्य पुरे करते.

तुझ्या घरातली मागची खोली मी आजवर नाकारत आलो. नाकारताना तुला आणि सूनबाईंना बोलू नये ते बोललो. ती अजून रिकामी असल्यास मला हवी आहे. तू ये, आणि मला न्यायला आलो आहेस, हे बारकीला ऐकू जाईल अशा आवाजात सांग. त्याशिवाय ती हलणार नाही. मी आढेवेढे घेतले, तर ऐकू नकोस.

दुरुस्त केलेल्या तारखा:

प्रवेशाची शेवटची तारीख: १० जून. (१२ नव्हे.)
आम्ही तिथे पोचलो ती: १२ जून.
दुसरी फेरी: २७ जून, सकाळी.
तू इथे पोचावेस ती: २५ जून. उशीर नको.
तुझ्या आईचा स्मृतिदिन: ४ ऑगस्ट. मे महिन्यात फोन करून ‘आज येणार ना?’ असे मी विचारले होते आणि तू ‘हो आबा’ म्हणालास. ते चुकले होते. तुझ्या तेव्हाच लक्षात आले असणार.

वरील तारखा शिंप्याने कॅलेंडरशी ताडून पाहिल्या आहेत. एक त्याने दुरुस्त केली. कोणती, ते मी विचारले नाही.

वाट पाहणारा,
आबा