एका पंगतीतला समेट

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझी तुझ्यावरची चीड काही जात नाही. बारामतीच्या गूळबाजारामागं आपली खानावळ, आणि भांडण दिसलं की ते मिटवायची तुला भारी खोड. इंग्रजांचे दिवस ते. पाटाच्या पाण्यावर ऊस नुकताच वाढू लागलेला. सरकारी परवान्याच्या दुकानात अफू महाग, म्हणून चोरटीला गिऱ्हाईक. ती रेल्वेनं उतरवायची उत्तरेकडची टोळी, आणि वाटेत लुटायची आपल्याच तालमीतली पोरं. गाव मात्र बोट दाखवायचं ते परक्यांकडंच.

त्या दुपारी दोन्ही टोळ्या आपल्या दारात एकमेकांची गचांडी धरतात, एकाच्या हातात सुरा, आणि तू परात आपटतेस. "आदी जेवा! मग काय मरायचं ते मरा, पर माज्या दारात न्हाय." एरवी एका पंक्तीला न बसणारे ते, समोरासमोर बसवलेस. आणि जेवले की गं! हात धुता धुता त्यांचं ठरलं: रेल्वेपर्यंत त्यांनी आणायची, पुढं आपल्या पोरांनी न्यायची. गावानं तुझं काय कौतुक केलं! अगं, ते भांडत होते तोवर अफू इथंच अडकायची. समेट झाला आणि गूळ उतरवून इंदापूरकडं परतणाऱ्या रिकाम्या बैलगाड्यांतून ती थेट उसाच्या फडांवर गेली.

ताई त्याच वाटेवरच्या लासुर्ण्याला दिलेली. फडातल्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन बांधावर निजवायच्या. आयती मिळायला लागली तशी तिनंही आपल्या बाळाला दिली. बाळ पुन्हा उठलंच नाही. ताई येऊन तुझ्या चुलीपाशी बसली, आणि तेवढ्यात तालमीचा वस्ताद जेवायला आला. तू त्याला पाट मांडलास!

"आये, ह्योच अफू धाडतो फडावर," ताई म्हणाली.

"अगं, दारात आलेल्याला उपाशी धाडू व्हय?"

ताई उठली, ती तू मरेपर्यंत या घरात आली नाही. आणि तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, बाळाला दृष्ट लागली. किती डोकं आपटायचं मी तुझ्यापुढं?

हे लिहिलेलं आता धाडू कुठं? ताईला वाचून दाखवायचीही सोय नाही. तुझा विषय निघाला की अजून तिचा चेहरा बदलतो. परवा मात्र तिनंच विचारलं, "तुला येती का गं तिची आठवण?"

"न्हाय," म्हणाले मी.

खोटं बोलले, आये. रोज येते.