कोपरा कापलेलं पत्र

॥ श्री ॥
पुणे, ३ जुलै १९९४

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आईची तब्येत उतरत चालली आहे. डॉक्टर तिच्यासमोर काही बोलत नाहीत, पण परवा जिन्यात मला म्हणाले की जवळच्यांना कळवून ठेवा. तिचं मात्र एकच चाललं आहे. आपल्याला कुंकवासकट न्यायचं की पुसून, हिरव्या लुगड्यात की पांढऱ्या, ते आधी नक्की करा म्हणते. बाबा बंगलोरच्या छापखान्यात नोकरीला गेले ते एक्कावन्न साली. तीन पत्रं आली, पुढे काहीच नाही. कोणी रेल्वे अपघात म्हणालं, कोणी आणखी काही. आईने कोणाचं ऐकलं नाही आणि कुंकू पुसलं नाही. मी नऊ वर्षांचा होतो, तू पाळण्यात.

इतकी वर्षं मी हा विषय टाळला. आता तूच तिथे आहेस, तर जुनी वर्तमानपत्रं चाळून बघ. अपघाताची, बेवारस माणसाची बातमी, काहीतरी असेल. फोन करू नकोस, तो शेजारी आहे आणि त्यांचं सगळं घर ऐकायला बसतं. पत्र बँकेच्या पत्त्यावर टाक. घरचं टपाल आईच्या हाती लागतं, आणि दिसत नसलं तरी चाचपून ती पत्र कोणाचं ते ओळखते.

लोभ आहे तो वाढता ठेव.
तुझा दादा,
पद्मनाभ

॥ श्री ॥
जे. पी. नगर, बंगलोर, १४ जुलै १९९४

ती. दादास,
कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

रोज सकाळी ह्यांची बोम्मसंद्र्याच्या कारखान्याची बस गेली की मी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन बसते. एक्कावन्न आणि बावन्नचे सगळे गठ्ठे झाले. पान उलटलं की कडेचे तुकडे मांडीवर पडतात. दफ्तर सांभाळणारे भीमाचार्य मला ओळ न् ओळ वाचून दाखवतात. चौदा वर्षं राहून कानडी दुकानांच्या पाट्यांपुढे गेलं नाही म्हणून तू चिडवायचास, त्याची शिक्षा भोगते आहे. बेवारस प्रेतांच्या बातम्या अकरा सापडल्या. त्यांत बाबा म्हणता येईल असं कोणी नाही.

काल आवरताना भीमाचार्यांनी बाबांचं पूर्ण नाव विचारलं. बिंदुमाधव खांबेटे म्हटल्यावर ते चष्मा काढून बसले. हे आडनाव इथे कानावर पडत नाही, पण दर ऑगस्टमध्ये एक बाई याच नावाची पुण्यतिथीची जाहिरात फोटोसकट देऊन जाते म्हणाले. गेल्या वर्षीचा गठ्ठा बांधणीला गेला आहे, सोमवारी येईल. स्वल्प थांबा अक्का, असं दोनदा म्हणाले. दादा, त्या फोटोत बाबा नसावेत असं वाटतं, आणि असावेत असंही. मला तर त्यांचा चेहराच माहीत नाही. काही खूण असेल तर लगेच कळव.

आईच्या पायांवर माझं डोकं ठेव. माया आहेच, ती राहू दे.
कस्तुरी

॥ श्री ॥
पुणे, १८ जुलै १९९४

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं, म्हणजे आत्ता तू तो फोटो बघत असशील. बाबांच्या डाव्या भुवईत खोक होती. माझी विटी लागली होती. रक्त गळत असताना त्यांनी मलाच जवळ घेतलं होतं.

ते असतील तर आईला सांगायचं नाही. जाहिरात देणारी बाई कोण, ते तुलाही कळतं आहे. आईला कुंकवासकट जाऊ दे. हे मी ठरवलं आहे. उद्यापासून रजेवर आहे, पण टपाल बँकेतला शिपाई परसू सांभाळून ठेवेल, मी जाऊन घेईन.

जिवाला जप.
पद्मनाभ

जे. पी. नगर, बंगलोर, २२ जुलै १९९४

ती. दादास,
नमस्कार.

खोक आहे. पण तुझं पत्र यायच्या आधीच मी ओळखलं होतं. फोटोतला माणूस म्हणजे म्हातारा झालेला तू आहेस.

मी त्या घरी जाऊन आले. कौसल्याबाई इथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. बाबा १२ ऑगस्ट १९८७ला गेले. पस्तीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर. पुण्याला बायको-मुलं आहेत हे त्या बाईंना बाबा अंथरुणाला खिळल्यावर कळलं, आणि पत्ता बाबांनी तेव्हाही सांगितला नाही. तरी तिने शेवटपर्यंत सगळं केलं. मुलगा आहे, व्यंकोजी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मला अक्का म्हणाला. मी ते ऐकून घेतलं.

राग फार येतो. आई चौऱ्यांशी साली माझ्याकडे दोन महिने होती. बाजारात प्रत्येक म्हाताऱ्याकडे वळून बघायची. तेव्हा तो माणूस इथून चार मैलांवर जिवंत होता.

तरी बाप होता. म्हणून मृत्यूच्या पत्राची रीत पाळली आहे. वर श्री लिहिलेलं नाही आणि पत्राचा कोपरा कापला आहे. त्याच्या लेकीच्या हातून एवढंच. वाचून फाडून टाक, असलं पत्र घरात ठेवत नाहीत.

कस्तुरी

॥ श्री ॥
पुणे, २७ जुलै १९९४

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल घरी आलं. साहेबांची आई आजारी, त्यांना कशाला हेलपाटा, म्हणून परसू स्वतः घेऊन आला. मी औषध आणायला गेलो होतो, तर आईच्याच हातात देऊन गेला. मी आलो तेव्हा पत्र तिच्या मांडीवर होतं, न उघडलेलं. कापलेल्या कोपऱ्यावरून ती अंगठा फिरवत होती. कोण ते तिने विचारलं नाही. कधी, एवढंच विचारलं.

मी तारीख वाचली आणि पुढचं बनवून सांगितलं. एका खोलीत एकटेच राहत होते, जवळ कोणी नव्हतं, घरमालकाने सगळं उरकलं. तिला कमी लागावं म्हणून, कस्तू. तर आई रडायला लागली. त्यांच्यासाठी ती रडलेली मी कधी पाहिली नव्हती. तोंडात पाणी घालायलाही कोणी नव्हतं का रे, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला सहन होईना. मग तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

तिने डोळे पुसले. म्हणाली, म्हणजे पाणी मिळालं. मग ओला पंचा मागितला आणि कुंकू स्वतः पुसलं, कपाळ लाल होईपर्यंत. हिरवं नको आणि पांढरंही नको म्हणाली. बालवाडीतून निवृत्त होताना तिथल्या बायकांनी दिलेलं निळं लुगडं वर काढून ठेवायला लावलं. तिच्याऐवजी मी ठरवायला निघालो होतो, याची लाज वाटते.

मिळेल त्या गाडीने ये. ती तुझी वाट बघते आहे, आणि मीही.

रीतीप्रमाणे पत्र फाडायला घेतलं तर तिने माझं मनगट धरलं. बाबांची ती तीन पत्रं आजोबांनी तेव्हाच चुलीत घातली होती. तुझं पत्र तिने उशीखाली ठेवलं आहे.

तुझा,
दादा