होडीच्या कडेला हात

प्रिय पापा,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं लिहायला हात उठणार नाही. मी लिहिलं होतं की मिर्तानं सराव वाढवला म्हणून मी थकते. ते खरं नाही. तिनं सराव सगळ्यांचाच वाढवला होता, आणि माझ्या लेनमधला ओस्वाल्दो एकसष्ट वर्षांचा असून तेवढंच पोहतो, वर दिवसभर बेकरीत उभा राहतो आणि संध्याकाळी नातीला सायकल शिकवतो. थकत होते ती मी एकटी. का, ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. आता कळलंय, आणि त्यात तुझा संबंध आहे, म्हणून हे पत्र आईच्या नावानं न लिहिता तुझ्या नावानं लिहितेय. फोनवर तू ‘बरी आहेस ना’ एवढं विचारून लगेच तिच्याकडे देतोस. पत्र मात्र बाकावर बसून सावकाश स्वतः वाचतोस, असं तिनंच सांगितलंय. पाकीट किराणा-होडीवाल्या बेनितोकडे देतेय. पिठाच्या पोत्याखाली दाबणार नाही असं त्यानं कबूल केलंय.

तुला माहीत नसेल, पण फेब्रुवारीतल्या नदीच्या शर्यतीत या वर्षी पहिल्यांदा आमच्यासारख्या प्रौढांचा गट ठेवलाय. मी सत्तावीस वर्षांची, त्यात सगळ्यांत लहान. ओस्वाल्दो मला ‘गटातलं तान्हं बाळ’ म्हणतो. आमच्या पोहण्याच्या क्लबातून कोण उतरणार ते मिर्ता ठरवते. तिला तू ओळखत नाहीस. आमची प्रशिक्षक, साठीची बाई आहे, गळ्यात शिट्टी, पायात कुणाच्या तरी पुरुषी चपला, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी हसावं आणि घरी जाऊन रडावं. ऑक्टोबरात तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, ‘हे बघ काडीपैलवान, जानेवारी संपेपर्यंत तू अशीच पिळलेल्या फडक्यासारखी राहिलीस तर तुझं नाव मी देणार नाही. नदी काय तलाव नाही. तिथं मी शिट्टी मारून तुला बाहेर काढू शकत नाही.’ मी हो म्हटलं, आणि घरी येऊन ठरवलं की आणखी कष्ट करायचे.

पापा, तो महिना खरा कसा गेला ते मी तुम्हा दोघांपासून लपवलं. सकाळी केस विंचरताना हात खांद्यापर्यंत उचलायचे तर मध्ये एकदा खाली घ्यावे लागायचे. औषधाच्या दुकानात मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत चार-चारदा वाचत होते आणि तरी भीती वाटायची. भूक गेली. झोप यायची ती काउंटरवर, आणि रात्री अंथरुणात पडलं की छाती धडधडायची, जणू अजून पाण्यातच आहे. त्यात माझा जुना रोग, फेऱ्या मोजताना शंका आली की दोन जास्त पोहायच्या. शंका रोजच यायची. ओस्वाल्दो म्हणायचा, ‘हिचा हिशोब थेट देवाकडे जातो, तिथं कमी पडलेलं चालत नाही.’ सराव संपला की सगळे बाकावर बसून मातेचा कडू चहा प्यायचे, भांडं हातोहात फिरायचं, त्याच्या बेकरीतले चंद्रकोरी पाव निघायचे. मी ओले केस तसेच बांधून निघून जायचे. वाटायचं, बसायची लायकी अजून कमावलेली नाही.

कारण सापडलं ते अगदी योगायोगानं. मिर्ता नेहमी तलावाच्या पलीकडच्या टोकाला, सावलीत उभी असते. नोव्हेंबरात एका सकाळी ती सावली एका लहान मुलांच्या वर्गानं घेतली, म्हणून ती कुरकुरत आमच्या टोकाला आली. आम्ही चार-चार फेऱ्या करत होतो, मध्ये थोडी विश्रांती. विश्रांतीच्या वेळी सगळ्यांनी भिंत धरलेली, आणि मी भिंतीपासून हातभर अंतरावर, खोल पाण्यात, पाय मारत जागच्या जागी तरंगत होते. तिनं वाकून विचारलं, ‘तू काय करतेयस?’ मी म्हटलं, विश्रांती घेतेय. ‘भिंत दिसतेय ना तुला?’ दिसतेय. ‘मग धर की.’ आणि पापा, मला धरवेना. हात आपोआप काखेत गेले. ओस्वाल्दो म्हणाला, ‘अरे, मला वाटायचं हिला आमच्याजवळ यायची किळस येते.’ सगळे हसले, मिर्ताही हसली, मग तिचं हसू थांबलं. ती चपलांसकट काठावर बसली आणि विचारलं, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, क्लबात आल्यापासून. ‘म्हणजे बयो, तू इथं एकदाही विश्रांती घेतलेली नाहीस. सराव थोडा होता तोवर तुझ्या अंगानं ते सोसलं. मी सराव वाढवला आणि तुझा आपोआप दुप्पट वाढला. कुणी शिकवलं तुला असं?’

शाळेची लाँच आपल्या ओढ्यात यायला लागली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तोवर माझी शाळा म्हणजे तुम्ही दोघं. आईनं पिठाच्या पिशव्यांवरची अक्षरं शिकवली आणि तू पाणी शिकवलंस. तू वल्हवायचास, मी होडीच्या बाजूनं पोहायचे, आणि नियम एकच होता. कडेला हात लागला की आजचा धडा संपला. तू रागवायचा नाहीस. वल्ही आत घ्यायचास, मला वर ओढायचास, तुझ्या कोटात गुंडाळायचास. पण वल्ही आत घेतल्याचा तो लाकडाचा आवाज मला कुठल्याही रागावण्यापेक्षा जास्त लागायचा. पुढं कळलं की शर्यतीतही तोच नियम आहे, सोबतच्या होडीला स्पर्श झाला की पोहणारा बाद. म्हणून थकले तरी हात जवळ घ्यायचे, पाय मारायचे, तरंगत राहायचं. शहरातल्या माणसांना हे सांगितलं तर खोटं वाटेल की भिंत धरायला बंदी नाही हे कुणाला तरी मला सांगावं लागलं.

मिर्तानं मला भिंत धरायला शिकवलं, खरोखर धडा दिल्यासारखं. पहिल्यांदा धरली तेव्हा मी वल्ह्यांचा आवाज ऐकू यायची वाट बघत होते. आला नाही. शिट्टी वाजली आणि पुन्हा पोहायला सुटले, एवढंच. चष्म्यात पाणी आलं, ते तलावाचं नव्हतं, पण तिथं कुणाला ओळखू येतं? तिनं आणखी तीन गोष्टी सक्तीच्या केल्या. रविवारी पाण्याकडे बघायचंही नाही, दुपारी जेवून झोपायचं, आणि शंका आली तर दोन फेऱ्या कमी करायच्या. ही शेवटची मला सगळ्यांत जड गेली. पहिल्या दिवशी कमी केल्या आणि दुपारभर दुकानात अपराध्यासारखी वावरले. मग बाकावर बसायला लागले. माते माझ्या हातात आलं तेव्हा ओस्वाल्दो म्हणाला, ‘बाळ बसायला लागलं.’

एका झटक्यात बरी झाले असं लिहिलं तर ती पुन्हा एक चूक होईल. अजूनही सराव वाढतोच आहे, आणि काही सकाळी हात शिशाचे वाटतात. पण आता तो थकवा संध्याकाळपर्यंत उतरतो. जेवले की अंगात त्राण येतं, झोपले की सकाळी गेलेलं असतं. पूर्वीचा थकवा माझ्यावर बसून असायचा, आताचा येतो, जातो. आईला सांग, मी पुन्हा दोन वेळा वाढून घेते, आणि परवा मिलानेसा खाताना दुकानाच्या मालकिणीनं माझ्या शिगोशिग भरलेल्या ताटाकडे बघून ‘घरी सगळं ठीक ना?’ असं विचारलं.

आता ते लिहिते, जे लिहायला एवढा वेळ लावला. मी एकोणीसची होते तेव्हाची नदीची शर्यत, सोबतच्या होडीत तू. धान्याच्या कोठारांखालचं शेवटचं वळण, उलट्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा, आणि माझा हात होडीच्या कडेवर. पंचानं निशाण वर केलं, तू वल्ही आत घेतलीस, कोट दिलास. आपण काठापर्यंत बोललो नाही, आणि त्या शर्यतीबद्दल नंतरही कधी बोललो नाही. त्या हिवाळ्यात तू होडी विलोच्या झाडाखाली पालथी घातलीस, ती तशीच आहे. त्यानंतर तू कुठल्याही पोहणाऱ्यासाठी वल्हं धरलं नाहीस. इतकी वर्षं मी समजत होते की मी कडेला हात लावला आणि तुला माझी लाज वाटली. मी शहरात आले त्याला नोकरी हे कारण होतं, पण एकच नव्हतं.

गेल्या गुरुवारी मी भिंत धरून श्वास घेत होते आणि माझ्या हाताकडे लक्ष गेलं. भिंत धरायची तर हात लांब करावा लागतो, कोपर सरळ होतं. शर्यतीच्या त्या दिवशी माझं कोपर वाकलेलं होतं. हात छातीशी होता, कारण मी पोहतच नव्हते, तोंड पाण्याबाहेर ठेवायची धडपड करत होते. मी कड धरायला हात पुढे केलाच नव्हता. कड माझ्या तळव्याखाली आली. तू मला ओळखतोस, मी हे मनात किती वेळा तपासलं असेल याची तुला कल्पना आहे, आणि या एका गोष्टीत मला शंका नाही. होडी तू आणलीस, पापा. त्या दिवसाबद्दल तू कधी काही बोललास का, असं मी आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, ‘तो मला कधी काही बोलला नाही गं. पण दरवर्षी शर्यतीच्या रविवारी तो घरात थांबत नाही, जाळी घेऊन ओढ्याच्या टोकाला जाऊन बसतो.’ म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते की मी तुला खाली बघायला लावलं, आणि तू समजत होतास की तू माझी शर्यत बुडवलीस. शर्यत नाही रे, मी बुडत होते. वळणापुढे काय झालं असतं ते तुला दिसत होतं, मला दिसत नव्हतं.

काल मिर्तानं माझं नाव दिलं. म्हणाली, ‘फडकं वाळलं.’ पण प्रत्येक पोहणाऱ्यानं आपली होडी आणि आपला वल्हवणारा आणायचा आहे, त्याशिवाय नाव टिकत नाही. ती तिचा पुतण्या द्यायला तयार होती. चांगला दणकट मुलगा आहे, आणि त्याला माझं काहीही माहीत नाही. मी तिला सांगितलं की माझा वल्हवणारा ठरलेला आहे. तुला न विचारता बोलले, म्हणून हे पत्र. तू नाही म्हणालास तर मी तिच्याकडे जाऊन माझा शब्द मागे घेईन आणि पुतण्याला हो म्हणेन, पोहायचं सोडणार नाही. पण मला तोच माणूस हवा आहे ज्याला होडी कधी दूर ठेवायची आणि कधी जवळ आणायची ते कळतं. पुन्हा तशी वेळ आली तर आण, मी बाद होईन आणि तुझ्या कोटात बसून काठाला येईन. होडी आठ वर्षं पालथी आहे, फटी भरायला हव्यात, डांबर लावायला हवं, आणि ती एकट्यानं उलटत नाही. डांबर मी इथून घेते. सकाळच्या पहिल्या लाँचनं येईन, धक्क्यावर उभा राहिलास तर तेच तुझं उत्तर समजेन. दिवस लक्षात ठेव: शनिवार, १७ जानेवारी.

तुझीच,
नोएलिया