गाणे संपल्यानंतरची फीत

घरून,
मंगळवार, ११ जानेवारी १९९४

तीर्थस्वरूप उद्धवदादास,
सुमंगलेचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. आई तिळाचे लाडू वळते आहे. आप्पांचा खोकला अजून आहे. सराव परीक्षेत मी मराठीत पहिली आले. आप्पांचा निरोप असा, की संक्रांतीला तू परभणीहून गावी न येता परस्पर मानवतला मावशीकडे जावे. हे पत्र त्यांनी त्यासाठीच लिहायला सांगितले आहे.

मुंजाजींना सांग, संक्रांतीला बौद्धवाड्यात भोंग्यावर लावायचे तुम्हा दोघांचे गाणे अपूर्व झाले आहे. एकही शब्द नसताना सोळा मिनिटे माणसाला जागेवरून उठू न देणारे असे काही मी ऐकले नव्हते. तुझ्या कॅसिओचा सूर, त्याखाली त्यांची हलगी. आधी दूर, मग जवळ, मग थेट छातीत. भाजीवाल्या सुलाबाई खिडकीशी म्हणाल्या, "माय, ह्याला संपायचं ध्यानातच न्हाई का वो?" पण टोपली डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

घरी ठेवलेल्या प्रतीवर नाव घालायला तू सांगितले होतेस. रविवारी घातले. शाई वाळेपर्यंत कॅसेट लावून बसले.

दादा, गाणे संपल्यावरही फीत चालू होती.

शुक्रवारी तुम्ही कापसाच्या खोलीत गाणे भरलेत, कारण कापसाच्या ढिगात आवाज घुमत नाही. शेवटचा ठोका पडला आणि आईने चहाला हाक मारली. चहा खोलीत आला असता, तर तुम्ही तिथेच बसला असता. पण मुंजाजींचा कप परसातल्या कोनाड्यात निराळा असतो. तो आत येत नाही. तुम्ही दोघे परसात गेलात आणि टेप बंद करायचा राहिला. गाणे थांबले, म्हणजे खोली रिकामी झाली, असे बैठकीतल्यांना वाटले. मधल्या भिंतीतला झरोका उघडाच होता.

आधी किशनकाका. "बौद्धवाड्यातली समदी भोंग्यापाशीच गोळा होतेत ना?"

"होतेत. गाणं चालू झालं की मागच्या अंगानं जायचं. रॉकेल गोठ्यात हाय. भोंगा लय मोठा, कुणाचं वरडणं कुणाला ऐकू जाणार न्हाई."

कोणीतरी हसते. "गाणं त्येंचं, काम आपलं!"

"आन् उद्धव?"

"त्याला मानवतला धाडतो."

"किती वाजता लावायलेत?"

उत्तर देण्याआधी तो माणूस खोकतो. हे एवढे लिहायला मला दोन दिवस लागले. मग तो म्हणतो, "साडेसहा. आमच्या सुमीनं सांगितलंय. ती खोटं बोलत न्हाई."

होय, मीच सांगितले. शुक्रवारी सकाळी आप्पांनी वर्तमानपत्रातून मान न काढता विचारले आणि मी वर्गात द्यावे तसे बिनचूक उत्तर दिले.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार, अशी बोलवा आहे. बैठकीत रोज अधिक चपला दिसतात. आई मोजून कप भरते आणि काही विचारत नाही.

मानवतला जाऊ नकोस. तुमच्याजवळच्या कॅसेटवरही हे असणारच. गाण्यापुढचे ऐका आणि परभणीच्याच पोलिसांना एक प्रत द्या. इकडच्या जमादारांना दाखवू नका. ते हसू मला ओळखीचे वाटले. मग संक्रांतीला मुंजाजींबरोबर दुपारच्या गाडीने गावी ये. गाणे साडेसहाला नको, लख्ख उजेडात तीनलाच लावा. सोळा मिनिटे झाली तरी भोंगा बंद करू नका. पुढचेही साऱ्या गावाला ऐकू द्या.

मुंजाजींच्या आई सरजाबाईंना मी आजच सारे सांगणार आहे. त्या दिवशी तीन वाजता मी बौद्धवाड्यात त्यांच्याच ओट्यावर बसलेली असेन.

पत्र सुलाबाईंच्या हाती देते; त्या ताडकळसहून एसटीने येतील. संक्रांतीला घरातून निघण्याआधी आप्पा मला पुन्हा गाण्याची वेळ विचारतील. मी साडेसहाच सांगेन.

आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलणार असलेली,
तुझी बहीण
सुमंगला