विहिरीजवळच्या बाईचा शब्द

बोरिवली, ८ जानेवारी २०२५

ती. दत्ताकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून आपलं हे पत्र! सोबत माझ्या कादंबरीची पहिली प्रकरणं. १९८७ साली शांतिसेनेतून श्रीलंकेत पाठवलेला आपला जवान एक प्रकरण बोलतो, जाफन्याची बाई दुसरं. तो म्हणतो, आम्ही शांतता राखायला आलो. ती म्हणते, तुम्हाला बोलावलं कुणी? तिथे लढून आलेले घरात तुम्हीच एकटे. चुकलं असेल तिथे बिनधास्त खोडा. वनमालाकाकूला नमस्कार.

तुमची लाडकी (हे मीच ठरवलंय),
रुचिरा

भांडुप, २० जानेवारी

चि. रुचिरा हिस अनेक आशीर्वाद.

वाचलं. तुझा जवान तुझ्यासारखाच बडबड्या आहे. आम्ही इतकं बोलत नव्हतो गं, घाबरलेलो असायचो. बाई मात्र नुसत्या शिव्या देते.

तिथल्या एका गावात विहिरीजवळून एक बाई आमच्या मागे धावत आली. पोगादेंगो, पोगादेंगो, असं ओरडत होती. माझा जोडीदार देवव्रत पुढे होता. हसून म्हणाला, शिव्या घालतेय, चल. वळणावर सुरुंग फुटला. तो गेला, माझे कान गेले. आता बाहेरचं काही धड ऐकू येत नाही, पण ती येते. जेवताना येते, देवासमोर बसलो तरी येते. काकूला हे ठाऊक नाही. त्या शब्दाचा अर्थ विचारायचा मला धीर झाला नाही. तू विचार.

तुझा काका

बोरिवली, २ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

आमच्या सोसायटीत एक तमिळ आजी राहतात. त्यांना विचारलं. काका, ती शिवी नव्हती. जाऊ नका, असं ती सांगत होती.

कादंबरीतल्या बाईच्या सगळ्या शिव्या मी काढून टाकल्यात. ती तुम्हाला वाचवायला धावते, असंच आता लिहितेय. बरोबर ना? तब्येत सांभाळा. लवकर लिहा, जीव लागून राहिलाय.

रुचिरा

भांडुप, ११ फेब्रुवारी

चि. रुचिरास आशीर्वाद.

शिव्या काढू नकोस. सुरुंग कुठे आहे हे तिला माहीत होतं, म्हणजे पेरणारेही तिचेच कुणी असतील. आमच्यावर तिचा राग असणारच. तरी धावली. दोन्ही लिही, तिला आपल्या बाजूची करू नकोस.

काकूला सगळं सांगितलं. बराच वेळ माझा हात धरून बसली.

तू विचारलंस ते बरंच केलंस, मनाला लावून घेऊ नकोस. इतकी वर्षं नुसता आवाज यायचा, त्याची सवय झाली होती. आता ती मराठीत ओरडते.

माया असू दे,
दत्ताकाका